ताण बेतानं

तेजू, तुझ्या आईचा फोन आलता.
सोमवारी तार बसवणार म्हणं तुला.
मग आत्या सांगते ते ऐक एकदा.
डॉक्टर सांगतील ते सांगतीलच.

मी बसवून घेतलो तेव्हा एक्केचाळीस पुरी झालती.
वडगावात मागाच्या खटखटीतसुद्धा ऐकू आलं मला,
“पद्मक्का, या वयात? कुणाला दाखवायचेत दात?”
मी काही बोललो नाही. तोंडात कापूस होता.

बसवताना दुखत नाही. नुसतं लांबतं.
डॉक्टरीण एकेक चौकोन चिकटवते नि मोजते,
ओंदु, एरडु, मूरु...
“बाय तगीरी,” म्हणते, मग आठवून, “तोंड उघडा.”
उघडल्यावर काय, सगळ्यांची भाषा एकच: आ.

दुसऱ्या रात्री कळतं.
भातसुद्धा खडी होतो.
मी भाकरी दुधात कुस्करून खाल्लो चार दिवस,
पाचव्या दिवशी रडलो, सहाव्या दिवशी विसरलो.
गाल आतनं सोलला तर मेण देतात,
तांदळाएवढं घे, सुकवून लाव, नाहीतर गिळशील.

ऊस नको. कणीस नको.
करदंट तर बघूसुद्धा नको.
गोकाकच्या लग्नात एक तुकडा, एकच, खाल्लो,
चौकोन निघाला नि डिंकात अडकून बसला.
पुन्हा लावायला तीनशे, वर महिनाभर उशीर.
कुंदा चालतो. कुंद्यासाठी दात लागतच नाहीत.

माझे चार काढले. चांगले होते, किडलेले नव्हते.
मी रुमालात बांधून घरी आणलो, का ते ठाऊक नाही.
सातव्या महिन्यात समोर फट पडली,
रुपया जाईल एवढी.
मी तशीच उठून दवाखान्यात गेलो.
ती हसली. म्हणाली, फट चालत चालत मागं जाईल.
गेली, खरं लई सावकाश,
टिळकवाडीच्या गेटात अडकलेल्या रिक्षागत.

तिनं मला समजावलं:
दाताच्या एका अंगाला हाड विरघळतं,
दुसऱ्या अंगाला नवं भरतं,
जोर लावला तर बिघडतं.
मी म्हटलो, बाई, हे मला नका शिकवू.
वीस वर्षं बसलोय मागावर.
ताण वाढला की धागा तुटतो,
कमी पडला की कापड झोळतं.
त्या दिवसापासनं ती मला पेशंट म्हणत नाही.

दीड वर्ष सांगतील. तू दोन धर.
मला सव्वीस महिने लागले, भिशी दोनदा उचलली.
मधी एकदा वाटलं, काढून टाका म्हणावं.
सगळ्यांनाच वाटतं ते. महिना बघून घ्यायचा.

एक सांगायचं राहिलं.
मी धागा दातानं तोडायचो. आईपण तशीच तोडायची.
पुढच्या दाताला खाच पडलीय, बारीक, सुईच्या नेढ्याएवढी.
तार आल्यावर गळ्यात कात्री अडकवली.
तार गेली, कात्री राहिली.
खाच काय तारेनं जात नाही.

काढतात त्या दिवशी जीभ वेडी होते,
गुळगुळीत, गुळगुळीत, दुसऱ्याच कुणाचं तोंड.
संपलं असं वाटतं. नाही.
रात्रीची पट्टी घालावी लागते, किती वर्षं विचारू नको.
दात जुनी जागा विसरत नाहीत,
न सांगता माहेरी निघतात.
पट्टी कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवू नको कधी.
कार्यालयाच्या मागं उष्टी केळीची पानं
मी बॅटरी घेऊन उलटलोय रात्री अकराला.

आता सरळ आहेत सगळे. लोक म्हणतात, छान झालं.
खरं हसू आलं की अजून पदर वर येतो तोंडावर.
हाताला काय कुणी तार लावली नव्हती.

सोमवारी पोटभर जेवून जा.
नंतर चार दिवस पेजच आहे.