एक हात पदरात

क्लेमेंटने रेडिओग्राम टेम्पोतून उतरवला तेव्हाच विचारलं,
प्लग लावून बघितलास का?
म्हणाला, एकदाच. थोडासा धूर आला.
थोडासा धूर! जसा काही चहावरचा.

चरईहून कोपरीपर्यंत आडवा झोपून आला होता,
सागवानी पेटी, चार पाय, त्यातला एक सुतळीने बांधलेला.
वर फुलदाणीचा गोल डाग, फोनचा चौकोनी.
मागचा पुठ्ठा काढला.
आत पालीचा सांगाडा, तिचा नखाएवढा जबडा,
पोस्टातल्या लायसनची पावती, रुपये पंधरा,
आणि ट्रान्सफॉर्मरच्या कडेला
पिवळे केस. मऊ. कुणाचे ते कळेना.
रंगाच्या ब्रशने सगळं झटकलं, केरात टाकलं.

वागळे इस्टेटमध्ये सतरा वर्षं मी कॉइल गुंडाळल्या.
वाइंडिंगला बायका, टेस्टिंगला पुरुष,
हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण भिंतीसारखं उभं होतं.
टेस्टिंगचा वहिवाटे रजेवर गेला त्या दिवशी
फोरमन म्हणाला, बस इथे, पण ध्यानात ठेव,
अडीचशे व्होल्टजवळ जाताना एक हात खिशात.
दोन्ही हात लागले की वीज छातीतून वाट काढते.

पाचवारीला खिसा नसतो.
त्याला ते सुचलंच नव्हतं.
मी डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचला
आणि उजव्याने मोजायला लागले.
तशीच मोजते अजून.

निशिगंधा डिप्लोमाला आहे, शेजारच्यांची.
तिला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
बंद म्हणजे मेलेला नव्हे.
कंडेन्सर डूख धरतो.
वायर काढ, बटण मिट, तरी आत राखून ठेवतो
आणि बोट कधी येतंय त्याची वाट बघतो.
फोरमन स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, फाडकन, टोक वितळायचं,
मग आमच्याकडे बघून हसायचा.
मी रेझिस्टरच्या वाटेने हळूहळू उतरवते,
काटा शून्यावर टेकेपर्यंत.
टेकला तरी पुन्हा एकदा.

कापडी वायर हातात घेताच पापडासारखी मोडली.
तिथे तीन पदरी घातली, चेसिसला अर्थ, मागे फ्यूज.
मेणाचे कंडेन्सर पाघळले होते, एकूण एक बदलले.
प्लेअरच्या रबरी चाकाचा दगड झाला होता,
ते भायखळ्याच्या एका म्हाताऱ्याने नवं कातून दिलं,
पैसे घेताना म्हणाला, अजून आहात होय तुम्ही?

राहिला बल्ब. सिरीजला तारेचाच लागतो,
एलईडी इथे कामाचा नाही.
जांभळी नाक्यावर शंभरचा मागितला तर दुकानदार म्हणाला,
मावशी, कोंबडीची पिल्लं पाळताय का?

शनिवारी दुपारी बटण दाबलं.
बल्ब भक्कन पेटला.
निशिगंधाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.
मी मनात पाच म्हणेपर्यंत
तो मंदावला, शेंदरी तारेपुरता उरला.
हा हिशोब उलटा असतो:
बल्ब मालवत गेला की समजायचं, रेडिओ उठतोय.
भगभगत राहिला असता तर पुन्हा पहिल्यापासून.
व्हॉल्व्हच्या काचांत निखारे धरले,
हिरवा डोळा उघडला, अर्धाच, झोपेतल्यासारखा.
तासाभराने बल्ब काढून थेट लावला.

आवाज म्हणाल तर
मिडियम वेव्हवर अख्ख्या इमारतीच्या चार्जरांची गुरगुर,
त्यात बातमीच्या सुरात कुणाचं तरी निम्मं वाक्य.
तबकडी फिरली, जरा संथ.
क्लेमेंटचा चेहरा पडला.

त्याची आई बरोबर आली होती, रेजिना आंटी,
नव्वदीची, ऐकू जवळजवळ येतच नाही.
तिने झाकणावर तळवा ठेवला,
ठेवूनच राहिली.
म्हणाली, तापला.
मग म्हणाली, फ्लोरा इथेच निजायची. थंडीत
उठवली तरी उठायची नाही. पिवळी होती.

मी बिल लिहायला घेतलं होतं.
खाली मोठ्या अक्षरांत: चालू ठेवून झोपू नये.
मागचा पुठ्ठा आपणहून काढू नये.
वर, सामानाखाली, एक ओळ होती,
साफसफाई, दीडशे.
ती खोडली.