विकतचं हेदर

चार पौंड पंच्याण्णव.
कुंडीच्या कानाला बांधलेली किंमत
फार्करने चष्मा लावून दोनदा वाचली
आणि रोपवाटिकेतल्या पोरीच्या तोंडावरच हसला.
"हेदर? आणि विकत?"

बेचाळीस मार्च त्याने ते जाळण्यात घालवले होते,
मालकाच्या माळावर, पट्ट्यापट्ट्याने,
थुंकी लावलेल्या बोटावर वारा तोलत.
जुनं जळावं, कोवळं फुटावं,
मालकाच्या ग्राउस पक्ष्यांनी ते खावं,
आणि ऑगस्टात पाहुण्यांनी पक्षी मारावेत.
आमचं लग्नही मार्चमधलंच.
पहिल्या रात्री मी धुराशेजारी निजले.

म्हातारपणी मिळालेलं घर मात्र चुनखडीवर.
इथे कोबी डोक्याएवढा होतो,
हेदर नाही.
पहिलं महिन्याभरात पिवळं पडून गेलं.
दुसरं मी जुन्या दगडी सिंकमध्ये लावलं,
माळावरची काळी माती पोत्यातून आणून.
नळाचं पाणी चालत नाही, त्यातही चुना;
म्हणून पन्हळीखाली पिंप.
"माझ्यापेक्षा जास्त पथ्य आहे याला," फार्कर म्हणाला.
तेव्हा त्याला मीठ बंद होतं.

फुलं वाळली की छाटायचं,
पण हिरव्यापुरतंच.
खालच्या तपकिरी लाकडात कात्री गेली
तर ती फांदी पुन्हा बोलत नाही.
आगीला जमतं ते कात्रीला नाही जमत,
असं म्हणत तो कात्री माझ्या हातातून काढून घ्यायचा
आणि स्वतःच छाटायचा, फार जपून.

तो गेल्यावर दोन वर्षं कुणीच छाटलं नाही.
हेदर लांबलं, मधोमध फाटलं,
झिजलेल्या केरसुणीसारखं.

पोस्टमन इवरची बायको सीना म्हणाली, टाकू नकोस.
उपट. खोल खड्डा कर.
गळ्यापर्यंत पुर, फक्त शेंडे वर ठेव.

मी तसंच केलं, पावसात, गुडघ्यांवर बसून.
फांद्यांच्या मधे मूठ मूठ माती कोंबताना वाटलं,
हे काम आपण आधी पाहिलंय.
तेव्हा शेंडे वर ठेवले नव्हते, इतकंच.

पुढच्या सप्टेंबरात उकरलं,
तर फांदीफांदीला मुळं, बाळाच्या जावळासारखी.
अकरा रोपं झाली.
सीनाला तीन, शाळेला चार,
सिंकमध्ये तीन.
एक उरलं.

दफनभूमी समुद्राकाठी आहे, शिंपल्यांच्या वाळूत.
म्हणजे पुन्हा चुनाच.
तिथे ते जगणार नाही, म्हणून कुंडीसकट ठेवलंय,
आणि रविवारी प्रार्थना झाली की
लेमोनेडच्या बाटलीतून पिंपातलं पाणी नेते.
पाद्री बघतो. विचारत नाही.

मार्चमध्ये समोरच्या डोंगरावर
नवी पोरं पट्टे पेटवतात.
वाकडे पेटवतात; फार्कर असता तर ओरडला असता.
धूर खाडी ओलांडून येतो.
मी कुंडी जरा त्या बाजूला वळवते.