धुळीला सावली नसते

मंगळवारी रात्री मशीननं विचारलं, नवी आवृत्ती घालू?
मी पेंगत होतो, हो म्हणालो.
बुधवारी सगळं नवं:
चिन्हं गोल, कोपरे मऊ,
पडद्यावर कुणाचा तरी अनोळखी डोंगर.
फक्त फोटो दुरुस्तीचा प्रोग्राम
उघडायचा, ‘फिल्टर वाचत आहे’ इथवर यायचा
आणि मिटायचा,
भरल्या ताटावरून उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.

पुएर्तो मोंतहून भाचा फोनवर सांगत राहिला.
बंद कर, चालू कर.
केलं.
सेटिंगची फाइल पुसून टाक.
पुसली. अकरा वर्षांच्या सवयी होत्या तीत,
ब्रश किती मऊ, काळा किती काळा.
पूर्ण काढ, परत घाल.
घातला.
ग्राफिक्स कार्ड मध्ये घेऊ नकोस.
नाही घेतलं बाबा.
तोच पाहुणा, तेच ताट.

दर वेळी मशीन अहवाल लिहायचं,
सतरा पानं, नुसते आकडे, एक क्रियापद नाही,
आणि खाली नम्रपणे: निर्मात्याकडे पाठवू?
सात वेळा पाठवला.
निर्मात्यानं मिठाची गुळणी धरलेली.

गुरुवारी रोसाल्बा नाउएल्किन आली,
लोकरीची ओली टोपी हातात पिळत.
झाला का?
शनिवारी आईला नव्वद पुरी होताहेत.
तिला काय सांगणार,
की मशीन सुधारलं म्हणून काम बिघडलं?
उद्या, म्हणालो.
ती म्हणाली, उद्या तर तू कालही म्हणालास.

फोटो तिच्या आजोबांच्या घराचा.
घर पाण्यावर आहे. आख्खं.
दार, खिडक्या, खवल्यांसारख्या फळ्यांच्या भिंती,
आणि पुढे चार होड्या, दोर ताणलेले.
त्या बेटावर शाळा नव्हती, या बेटावर होती.
इतर लोक बिऱ्हाड हलवतात,
आमच्या चिलोएत घरच उचलून न्यायचे,
गावाला जेवू घालायचं, तेवढी मजुरी.
काच फुटली तर वर्षभर चेष्टा.

निगेटिव्हवर बुरशी, ओरखडे, ऐंशी वर्षांची धूळ.

रात्री चुलीत लाकूड सारलं
आणि फिल्टर एकेक करून बाहेर काढायला बसलो.
एक काढायचा, प्रोग्राम उघडून बघायचा, कपाळाला हात लावायचा.
खाली भरती चढत होती, घराच्या खांबांना चाटत.
चौदावा होता धूळ पुसणारा.
माझा उजवा हात म्हणायचो त्याला.
एक बटण, की आभाळ स्वच्छ.
बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती,
नव्या घरात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

तो काढला
आणि प्रोग्राम उघडला,
काही झालंच नव्हतं असा.

मग हातानं. ठिपका, ठिपका, ठिपका.
आधी पाणी, मग आभाळ, मग दोर.
तीन वाजता छपराच्या कडेला आलो.
एक काळा ठिपका, ब्रश वर नेला,
थांबलो.
ठिपक्याखाली, फळ्यांवर,
बारीकशी तिरकी सावली.

मोठं केलं. अजून मोठं.
गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं एक पोर,
एका हातानं धुराडं धरलेलं,
तोंड आमच्याकडे.

चूल विझली तरी मी उठलो नाही.

शनिवारी रात्री रोसाल्बाचा फोन.
मागे अकॉर्डियन, भांडी, भांडणं.
म्हणाली, आई जन्मभर सांगायची,
मी छपरावर बसून आले.
आणि आम्ही सगळे म्हणायचो, आई, तू होडीत होतीस,
मामांच्या मांडीवर.
आता ती कुणाशी बोलत नाही,
फोटो मांडीवर घेऊन बसलीय,
आणि केक कापायला तयार नाही.

पैसे सोमवारी देते म्हणाली.

कपाटात अकरा वर्षांच्या डिस्क आहेत,
नावं, तारखा घालून, ओळीनं.
लग्नं, बाप्तिस्मे, गलबतं,
सगळ्यांची आभाळं लख्ख.
मी अजून एकही लावून बघितलेली नाही.