झाकणभर

न्यामिराच्या उतारावर, चहाच्या मळ्याखाली,
आम्ही बारा वाफे आखले
आणि चिन्सागा पेरली :
पंजासारख्या पाच पानांची, पांढऱ्या फुलांची तिळवण,
इथे जी पाहुण्याच्या ताटात मानाने बसते.

खताचं माप सोड्याच्या बाटलीचं झाकण.
पहिल्या ओळीला काहीच नाही,
दुसरीला झाकणभर,
तिसरीला दोन, चौथीला तीन.
युरियाचे दाणे साबुदाण्याहून बारीक,
ओल्या तळव्यावर विरघळताना गार लागतात,
लांबून कुणी फुंकर घातल्यासारखे.

पाचव्या आठवड्यात पहिली ओळ फुलली. घाईने.
उपाशी झाड आधी बियांची सोय बघतं,
पानांचं मग काय व्हायचं ते होवो.
चौथी ओळ फुलायचं विसरूनच गेली.
पानं रुंद, काळपट वाटावीत इतकी हिरवी,
देठ मोडला तर कट्‌ आवाज नाही,
नुसतं पाणी बोटावर.

माझी वही मात्र खूश.
पहिली ओळ : दोनशे दहा ग्रॅम.
चौथी : नऊशे चाळीस.
बाजारातली न्याबोके वाफ्यातच शिरली,
"चौथी सगळी मला दे, ओम्बोंगी.
जुडी बघ कशी, नटवायलाच नको."

चाखायला सात जण बोलावले होते.
त्यांतली शाळेची स्वैपाकीण बोसिबोरी
तेवढी डोळे मिटून चावायची.
पहिलं पान. "हिला कसला तरी राग आहे."
दुसरं. "कडू. पण ऐकून घेते."
तिसऱ्याला नुसती मान हलली.
चौथं तिने बराच वेळ चघळलं.
"पाणी," म्हणाली. "हिरवं पाणी.
रात्रभर दुधात ठेवायची ती कडूपणा उतरावा म्हणून.
इथे उतरायला काही नाहीच,
तर दूध कशाला नासवू?"

प्रयोगशाळेचा कागद तीन आठवड्यांनी आला.
तिला वाचून दाखवला, सगळा.
प्रथिनं चौथीत जास्त, हेही लपवलं नाही.
क जीवनसत्त्व ओळीगणिक उतरत गेलेलं.
आणि नायट्रेट :
पानात आलेलं, पण पानाचं न झालेलं,
पडवीत ताटकळलेल्या सोयऱ्यासारखं.
"मग त्याला आत कोण घेतं?"
"ऊन. उन्हात पान त्याचं काहीतरी करतं,
अंधारात ते तसंच बसून राहतं.
म्हणून तोड दुपार कलल्यावर हवी."
ती हसली.
न्याबोकेची गाडी पहाटे चारला भरते,
कंदिलाच्या उजेडात.

"तुझं ठीक आहे," बोसिबोरी म्हणाली,
"माझी तीनशे चाळीस पोरं.
पहिल्या ओळीवर त्यांची एक पंगत उठायची नाही.
रागाने पोट भरत नाही, पाण्यानेही नाही."
उत्तर माझ्याकडे नव्हतं.
वहीत चार रकाने होते,
तिच्या प्रश्नाचा रकाना आखलाच नव्हता.

ती उठली. ऊन चहाच्या मळ्यावर तिरपं झालं होतं.
दुसऱ्या ओळीपाशी वाकून
तिने ओटीभर पानं खुडली,
खुडताना एक तोंडात टाकलं,
आणि माझ्या टेबलावरचं ते झाकण
न विचारता खिशात घातलं.

संध्याकाळी मी नोंद केली :
दुसरी ओळ, तोड चार वाजता.
वजन घ्यायचं राहिलं.