आजन्म सीलबंद

मिसेस ऑल्डरॉइडचा व्हॅक्यूम क्लीनर
दर शनिवारी साडेनऊला भिंतीपलीकडून किंचाळायचा.
कीथलीतली ही घरं पाठीला पाठ लावून उभी,
विटांमधून शिंकसुद्धा कळते,
तरी दोन वर्षं मी काही बोललो नाही.
मग तीच आली, नळी गळ्यात घालून.
यंत्रातलं कळतं म्हणे तुला.

टेबलावर कालचा पेपर पसरला.
पंख्याचं नट उलट्या आट्याचं निघालं,
तिथे अर्धा तास गेला आणि दोन शिव्या.
शेवटी तळहातावर आलं बेअरिंग,
जुन्या आठ आण्याएवढं,
दोन्ही अंगांना काळी रबरी झाकणं.
फिरवलं तर भातात खडा लागावा तसं.

दुकानदार म्हणाला, ही उघडायची नसतात,
आजन्म सीलबंद असतात. नवं घे.
जन्म कुणाचा, मी विचारलं.
तो हसला. त्याला वाटलं मी घासाघीस करतोय.

सुई तिरकी धर, दादा म्हणायचे,
कडेला शिरव, मध्ये खुपसू नकोस,
झाकण वाकलं तर परत बसत नाही.
इचलकरंजीत चोवीस यंत्रमागांचे फिटर होते ते,
मी त्यांचा कंदील धरणारा.

आत करपलेल्या गुळासारखं काहीतरी.
कधीकाळी ते ग्रीस होतं.
इथे रॉकेलला पॅराफिन म्हणतात,
पण वाटीत ओतलं आणि नाकाने ओळखलं.
ब्रशने धुतलं, पुन्हा धुतलं,
काळं गेलं, तपकिरी गेलं,
मग छर्रे दिसले. मोजले.
एक, दोन, तीन,
पैसे मी इंग्रजीत मोजतो, जिने इंग्रजीत,
रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा,
हे मात्र मराठीत निघाले,
सातवा जरा चरा पडलेला.

वंगण किती? दादांचं माप पावकीतलं.
पाव भर, फार तर पाव आणि बोटभर,
ठासलंस तर आपल्याच तेलात तापेल.
हे ते लग्नात वाढप्यांनाही ऐकवायचे.

झाकण चुटकन बसलं.
बोटाने फिरवलं, आणि ते फिरतच राहिलं,
मी पाहत राहिलो, दूध उतू गेलं.

शनिवार. साडेनऊ. भिंत गप्प.
पावणेदहाला दार वाजलं.
बिघडवलास तू.

तिच्या दिवाणखान्यात गेलो. बटण चालूच होतं.
नळीच्या तोंडाशी पेपरची पट्टी धरली,
सपकन आत गेली.
ती म्हणाली, मग मला कळणार कसं?
मनगटात थरथर यायची, त्यावरून समजायचं.
एकवीस वर्षं लोकरीच्या मिलमध्ये विणकाम,
कान तिथेच राहिले तिचे.

आमच्या दादांचेही तसेच राहिले.
ते बेअरिंग कानाने कधी ऐकायचेच नाहीत.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मागाला टेकवायचे
आणि मूठ दातांत धरायचे,
डोळे मिटून, विडी विझलेली.

घरी जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणला.
दात तिचे नकली, म्हणून मूठ कानामागच्या हाडाला लावली,
टोक मोटरच्या अंगावर.
आधी तिने भुवया उंचावल्या, हा काय वेडेपणा.
मग खांदे खाली आले.

बराच वेळ तशीच बसली,
केसातली पिन घसरून गालावर आलेली,
गालिचा झाडायचा राहिलेला.
मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलली,
आवाज न करता, नुसत्या ओठांनी,
एकेक अक्षर ताणून,
मागांच्या गदारोळात बोलायचे तसं.

मला अडलं नाही.
दादा जेवताना असंच मीठ मागायचे.