दुसऱ्या प्रतीचा समुद्र

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेल तपासते.
दिव्याच्या टेबलावरून रोज आठ तास
निळं पाणी पुढे सरकत राहतं,
मी त्याच्या कडा चाचपते,
वर आलेला एखादा फेसाचा धागा कात्रीने उडवते.

मागची ऑर्डर स्पेनची होती.
कुठल्याशा किनाऱ्यावरचं हॉटेल, साडेसहा हजार नग,
कोपऱ्यात पिवळ्या सुतात त्यांचा शब्द : प्लाया.
"प्लाया म्हणजे समुद्रकिनारा," डिझाइनवाले गुंडेटी म्हणाले
आणि फोनवर फोटो दाखवला.
भर दुपारी माणसं पालथी पडलेली,
चपला बाजूला,
कुणी कुणाला हाक मारत नाही.
"आजारी हायेत का?" महानंदाने विचारलं.

एका रात्री जकार्डची दोरी तुटली
आणि चाळीस टॉवेल शेवटच्या अक्षराशिवाय उतरले.
दुसरी प्रत. किलोवर विकायची.
मी एक घेतला. चारशे सत्तर ग्रॅम.

सुट्टीला आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो.
स्कूटरवर नवरा, मी, मधे प्रणीत,
पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी,
दह्याचा डबा, आणि घडी घातलेला समुद्र.
पाणी बरंच मागे गेलेलं,
गाळात कुणीतरी कलिंगडाचे वेल लावलेले.
मी बाभळीखाली टॉवेल पसरला
तर प्रणीत म्हणाला, "अम्मा, सावलीत नाही, ते उन्हात झोपतात."
नवरा हसत सुटला.
सोलापूरच्या माणसाने मुद्दाम उन्हात पडायचं,
आणि वर भाडं भरून!

तरी पडले. डोळे मिटले.
पाठीखालची शिवण बोटांनी आपसूक शोधली,
एक टाका सैल होता.

मग उठून काठाने चालत गेलो, कुठेच पोचायचं नव्हतं.
बांधाचे दगड तापलेले.
पाणकावळा पंख उघडून उभा,
वाळत घातलेल्या कपड्यासारखा,
त्यालाही कसली घाई नव्हती.
नवऱ्याने चपट्या खापऱ्या पाण्यावर फेकल्या,
एक पाच उड्या मारून गेली.
ह्या माणसाला हे येतं,
मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं.

एक जण ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं ओढत आला,
काठावर उतरला, केसांतून पाणी गळत,
वाऱ्याने अंगावर काटा.
मी काही विचार केला नाही, टॉवेल पुढे केला.
"नवा हाय की," तो मागे सरला.
"घ्या हो. सेकंड हाय."

त्याने आधी तोंड पुसलं, मग मान, मग कानाच्या मागे,
लहान पोरासारखं.
मी बघतच राहिले.
लाखभर तरी गेले असतील माझ्या हातून
मुंबईला, तिथून बोटीने कुठे कुठे,
पण माझ्या टॉवेलने कोरडं होणारं माणूस
मी आज पहिल्यांदा पाहिलं.

त्याने दोन चिलापी दिल्या, पैसे घेतले नाहीत.
टॉवेलवर शेवाळाचा पट्टा उमटला,
पहिल्या प्रतीतला असता तर मी तो बाद केला असता.

परतताना प्रणीतने तो खांद्यावर घेतला,
कोपरा उलगडून पिवळी अक्षरं बोटाने वाचली.
"अम्मा, हे प्लाया नाही. ए पडलाय शेवटचा.
हे प्ले आहे. खेळ."
"चूक आहे ती," मी म्हणाले,
आणि पुढच्या वळणापर्यंत
त्या चुकीचंच मला हसू येत राहिलं.

उद्या सकाळी पाळी सातची.
टॉवेल गच्चीवर दोरीला आहे,
दोनदा धुतला तरी वास जात नाही
तलावाचा, माशांचा.
मी तिसऱ्यांदा धुणार नाही.