नाडी

माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हतीच.
तरी मी खाली वाकले,
सोडली, बांधली, पुन्हा सोडली,
आणि तेवढ्या वेळात नळापाशी चौघांनी
देवराम भोयेला त्याच्या घरचा एक शब्द
एकोणीस वेळा म्हणायला लावला.
मी मोजत होते. तेवढंच केलं मी.

तो सुरगाण्याहून आलेला,
मखमलाबाद नाक्यावर मामाकडे राहायचा.
दर वेळी तो शब्द थोडा हळू म्हणायचा.
विसाव्यांदा नुसते ओठ हलले.
दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी
हजेरीत त्याचं नाव तीन दिवस घेतलं.
चौथ्या दिवशी भोयेनंतरचं नाव
भोयेच्या आधीच आलं.

आता मी सातपूरला शिकवते.
कारखान्याचा भोंगा आणि आमची घंटा
रोज एकमेकींवर आदळतात.
जूनमध्ये एक तास मी पुस्तक उघडत नाही.
सांगते, भिडायचं नाही.
चौघांपुढे एकट्यानं छाती काढली
की मार खाणारे दोन होतात, एवढंच.

'मग काय करायचं, बाई?'
ओवी निरभवणे. पहिला बाक. कायम पेनाचं टोपण दातात.

जवळ जा. त्यांच्याशी नाही, त्याच्याशी बोल.
म्हण, तुला पिंगळे सर शोधतायत.
खोटं? हो, खोटं. या एकाला माझी परवानगी.
नाहीतर माझ्याकडे पळत ये,
दारावर टकटक करत बसू नकोस.
मोबाइलवर आलं तर पुढे ढकलू नकोस, मला दाखव.
आणि शाळा सुटल्यावर त्याच्यासोबत चाल
त्याच्या गल्लीपर्यंत.
हे सगळ्यात कंटाळवाणं. याला टाळ्या नसतात.

'चुगलखोर म्हणतील की.'
म्हणू देत. चुगली अडकवायला करतात गं,
तू सोडवायला सांगतेयस.

'तुम्ही सांगितलं होतं, बाई?'

मग मी त्यांना नाडीची गोष्ट सांगितली.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
बरोबरच होतं ते हसणं.

जानेवारीत, हात खिशातून काढवत नाही अशा सकाळी,
सायकल स्टँडपाशी
निनाद खैरनारच्या कानाचं मशीन
एकाच्या हातात, उंच.
'निनाद, ऐकू येतंय का रे? निनाद?'
मी वरच्या गॅलरीत. हातात खडूचा डबा.
खाली ओवी आली. थांबली.
वाकली,
आणि बुटाची नाडी बांधू लागली.

माझ्या पोटात खड्डा पडला.
शिकवलं ते गेलं, केलं ते उरलं.

पण तिच्या शेजारी अफसाना मनियार वाकली.
मग पाचवीतली दोन पोरं, चपला घातलेली,
नाडीच नव्हती त्यांना, तरी वाकली.
सात जण झाले, निनादच्या भोवती,
कुणी त्या तिघांकडे बघेना,
कुणी जागचं हलेना.
ओवी खालूनच म्हणाली,
'खैरनार, ग्रंथालयाची किल्ली तुझ्याकडे ना? चल.'
तिला माहीत होतं त्याला ऐकू जाणार नाही.
तिनं त्याची बाही धरली.
आणि एक जण, सुटल्या नाडीनं,
जिना चढत माझ्याकडे येत होता.

उंच धरलेला हात किती वेळ उंच राहणार?
मशीन सायकलच्या सीटवर ठेवलं गेलं, हळूच.

पुढचं काम मोठ्यांचं होतं, ते मी केलं.
मुख्याध्यापक, पालक, दोन दुपारी.
त्या तिघांशीही बोलले, एकेकट्याशी.
एकाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते.
त्यानं माफ होत नाही काही,
पण आता मला तेही माहीत आहे.

संध्याकाळी निनादबरोबर नऊ जण चालत गेले,
चिंचा खात, कशावरून तरी भांडत.

देवराम, तू कुठे आहेस माहीत नाही.
तुझा तो शब्द मला अजून पाठ आहे,
अगदी तुझ्या उच्चारासकट.
त्याचा अर्थ काय, ते मात्र
तुला कधी विचारलंच नाही.